राजगड ते तोरणा : धारेवरची वाट



डोंगर आपल्याला नवा नाही. सरपणाला, चाऱ्याला आपण चढउतार करतोच. पण डोक्यावर भारा नसताना, नुसतं मनासाठी डोंगर चढायची सवय आपल्याला नाही. आम्ही गटातल्या अकराजणी डिसेंबरात राजगडावरून तोरण्याला गेलो. घरून विचारणा झाली, "कसला नवस?" नवस नव्हताच. हे सांगणंच सगळ्यांत अवघड गेलं.

दोन्ही किल्ले पुणे जिल्ह्यातले. तोरणा शिवरायांनी सुरुवातीच्या काळात घेतला, राजगड स्वराज्याची पहिली राजधानी. मधे डोंगराची लांबच लांब धार आहे. चालायला सात-आठ तास लागतात. गटाच्या बचतीला हात लावला नाही, खर्चासाठी वेगळे पैसे साठवले. पायथ्याच्या गावातले वाट माहीत असलेले एक दादा सोबत घेतले आणि त्यांची मजुरी आधीच ठरवली.

आदल्या दिवशी राजगड चढून मुक्काम केला. पहाटे संजीवनी माचीवरून अळू दरवाजाने खाली उतरलो. तिथून धार सुरू होते. कुठे कारवीचं रान, कुठे दोन्ही बाजूंना उतार. वाळलं गवत तेलासारखं घसरतं, म्हणून पाऊल आडवं टाकायचं. वाटेत पाण्याचा भरवसा नाही, प्रत्येकीकडे तीन लिटर पाणी होतं. नऊवारीचा काष्टा चालतो, सहावारी मात्र पायात येते. तळव्याला पकड असलेले बूट हवेतच.

पुढे खिंडीत गाडीरस्ता आडवा येतो. तिथे थांबून एकेकीला विचारायचं, हे निघतानाच ठरलं होतं. दोघींचे गुडघे दुखत होते. त्या एकमेकींच्या सोबतीने रस्त्याने उतरल्या. त्यांना कुणी "एवढं आलात तर चला" म्हटलं नाही. कारण पुढे परतीची सोय नाही.

खरी कसोटी बुधला माचीच्या चढावर. उलट्या ठेवलेल्या बुधल्यासारखा सुळका, म्हणून हे नाव. तिथे खडक आणि शिडी आहे. दोन हात, दोन पाय, यांतलं एकच हलवायचं, बाकी तीन घट्ट. आमच्यातल्या बावन्न वर्षांच्या मावशी अर्ध्यावर थिजल्या. कुणी ओढलं नाही, ओरडलं नाही. खालची बाई फक्त पाय कुठे ठेवायचा ते सांगत राहिली. पाच मिनिटांनी मावशींनीच पाय उचलला.

दुपारी कोकण दरवाजातून आत शिरून मेंगाई देवीच्या देवळाशी बसलो, तेव्हा त्या म्हणाल्या, "आता भाकरी कुणीतरी वाढा मला." आम्ही वाढली.

तुम्हीही जा. आधी जवळची टेकडी करा. अंधारापूर्वी उतरा, मधमाश्यांच्या पोळ्याखाली धूर आणि गोंगाट करू नका, प्लॅस्टिक परत आणा. आणि परत फिरायची जागा निघायच्या आधीच ठरवा.