जुन्या मोटारीच्या आतले प्लॅस्टिक

मारुती ८०० ही मोटार डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आली आणि तिचे उत्पादन जानेवारी २०१४ मध्ये थांबले. या तीस वर्षांत भारतीय मोटारीच्या अंतर्भागातून रंगवलेला पत्रा जवळजवळ हद्दपार झाला आणि त्याची जागा प्लॅस्टिकने घेतली. त्याआधीच्या फियाट आणि अँबॅसडर गाड्यांत डॅशबोर्डचा पत्रा कळाहीन झाला की पेंटर तो पुन्हा रंगवून देई आणि सीटचे रेक्झिन फाटले की कुशनवाला ते बदलून देई. प्लॅस्टिकच्या भागांना असा हक्काचा कारागीर मिळाला नाही. त्यामुळे त्यांची निगा कधी मालकाच्या, तर कधी गाडी धुणाऱ्याच्या हाती गेली आणि बहुतेक वेळा बाटलीतले चकचकीत पॉलिश फासून ती उरकली जाऊ लागली. खाजगी मोटारीच्या नोंदणीची पंधरा वर्षांची मुदत संपल्यानंतरही फिटनेस तपासणीत उतरलेल्या गाडीला पाच वर्षांची वाढ मिळू शकते. तेव्हा ज्यांना अशी गाडी नीट राखायची आहे, त्यांच्या दृष्टीने हा विषय दिसतो तितका किरकोळ नाही.

गाडीच्या आतले सगळे प्लॅस्टिक एकाच जातीचे असते या समजुतीतून बरेचसे नुकसान होते. दरवाजाचे पॅनेल, खांबांवरची आवरणे आणि डिकीतले कठीण भाग बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे असतात; मीटरभोवतीची चौकट, एसीच्या जाळ्या आणि रंग किंवा मुलामा दिलेले भाग पुष्कळदा एबीएस या तीन घटकांच्या मिश्र बहुवारिकाचे असतात, बहुवारिक म्हणजे लहान रेणूंची लांब साखळी असलेला पदार्थ; आणि बोटाने दाबल्यावर किंचित दबणारे डॅशबोर्डचे आवरण अनेक गाड्यांत पीव्हीसीचे असून त्याखाली फोमचा थर असतो. यांतला कोणता भाग कशाचा आहे हे ओळखण्यासाठी प्रयोगशाळेची गरज पडत नाही. भाग सोडवून उलटा धरला की आतल्या बाजूला, उलटसुलट कोनांच्या दोन खुणांमध्ये, ‘पीपी’, ‘एबीएस’ किंवा ‘पीव्हीसी’ अशी रोमन अक्षरे साच्यातच उमटलेली अनेकदा आढळतात. ‘पीपी’ च्या पुढे ‘टी २०’ असे असेल, तर त्यात वीस टक्के टाल्क, म्हणजे शंखजिऱ्याची पूड, भरलेली आहे असे समजावे. खूण नसेल तर तुटक्या कोपऱ्याचा लहानसा कपटा पाण्यात टाकून पाहावा. साधे पॉलिप्रॉपिलीन पाण्यापेक्षा हलके असल्याने तरंगते, एबीएस आणि पीव्हीसी बुडतात. मात्र टाल्क जास्त भरलेले पॉलिप्रॉपिलीनही बुडत असल्यामुळे बुडालेल्या कपट्यावरून घाईने निष्कर्ष काढू नये.

जात वेगळी तसे म्हातारपणही वेगळे. पॉलिप्रॉपिलीनवर जंबुपार किरणांचा, म्हणजे सूर्यप्रकाशातील डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांचा, मारा होत राहिला की पृष्ठभागावरच्या साखळ्या तुटतात, बारीक तडे जातात आणि बोटाला पांढुरकी भुकटी लागू लागते. एबीएसमधील ब्यूटाडाइन या रबरासारख्या घटकाचे ऑक्सिडीकरण होऊन फिकट रंगाचे भाग पिवळे पडतात आणि ठिसूळ होतात. पीव्हीसीची गोष्ट आणखी निराळी आहे. मुळात कठीण असलेल्या या पदार्थाला मऊपणा यावा म्हणून त्यात प्लास्टिसायझर नावाचे तेलकट द्रव्य मिसळलेले असते आणि उन्हात तापलेल्या बंद गाडीत ते वर्षानुवर्षे थोडे थोडे बाहेर पडत राहते. पुढच्या काचेवर आतून साचणारा, पाण्याने पुसल्यावर नुसता पसरणारा धुरकट तेलकट थर हा पुष्कळसा याच द्रव्याचा असतो. काच पुसणाऱ्याला ती धूळ वाटते, प्रत्यक्षात तो डॅशबोर्डचाच हळूहळू उडून गेलेला अंश असतो. जे द्रव्य उडून गेले ते वरून लावलेल्या कोणत्याही मलमाने परत आत शिरत नाही, त्यामुळे तडकलेले पीव्हीसी ‘पोसले’ जाते हा बाटल्यांवरचा दावा फारसा गांभीर्याने घेण्यासारखा नाही. पुढची काच लॅमिनेटेड, म्हणजे दोन काचांमध्ये प्लॅस्टिकचे पातळ पटल असलेली, असेल तर बहुतेक जंबुपार किरण तिथेच अडतात. दाराच्या साध्या टफन्ड काचेतून मात्र त्यांचा बराच भाग आत येतो, आणि उष्णता दोन्हीकडून येतेच.

प्रत्यक्ष सफाईबद्दल थोडक्यात सांगता येईल. आधी मऊ ब्रशने आणि व्हॅक्यूमने कोरडी धूळ काढावी, कारण धुळीतली रेती ओल्या फडक्याखाली घासली गेली की ओरखडे पडतात. मग कोमट पाण्यात सौम्य साबणाचे थोडे द्रावण करून मायक्रोफायबरच्या फडक्याने पुसावे, नक्षीत अडकलेला मळ मऊ टूथब्रशने काढावा, स्वच्छ ओल्या फडक्याने साबणाचा अंश टिपावा आणि लगेच कोरडे करावे. द्रावण फडक्यावर घ्यावे, बटणांवर थेट फवारू नये. येथे खरे लक्ष द्यायचे ते नक्षीकडे. डॅशबोर्डवरचा चामड्यासारखा दाणा पोलादी साच्यावर आम्लाने कोरलेला असतो आणि त्याची खोली मिलिमीटरच्या अंशातच असते. तो एकदा घासला गेला की त्या जागी तुळतुळीत डाग पडतो आणि पुन्हा उठवता येत नाही. ‘जादूचा स्पंज’ म्हणून विकला जाणारा पांढरा मेलामाइन फोम वस्तुतः अतिशय बारीक पॉलिश पेपरचे काम करतो, म्हणून तो दाण्यावर वापरणे टाळलेले बरे.

महाराष्ट्रातल्या गाडीत याशिवाय काही खास डाग असतात. दसऱ्याला वाहनपूजेत लागलेली हळद उन्हात आपोआप फिकी होते, कारण तिच्यातले कर्क्युमिन हे रंगद्रव्य प्रकाशात टिकत नाही. कृत्रिम रंगाचे कुंकू मात्र दाण्यात घट्ट बसते आणि ते ताजे असतानाच काढावे लागते. दुहेरी टेपने चिकटवलेली देवाची मूर्ती सुरीने उपटू नये. हेअर ड्रायरने टेप कोमट करून मूर्तीखालून नायलॉनचा दोरा आरीसारखा ओढला, तर ती अलगद सुटते.

अनेकांना सर्वाधिक त्रास होतो तो चिकट झालेल्या भागांचा. १९९० नंतरच्या कित्येक युरोपीय बनावटीच्या गाड्यांत बटणांना आणि हँडलांना मखमली स्पर्शाचा पॉलियुरेथेनचा लेप दिलेला असे. दमट हवेत या लेपाचे जलविच्छेदन होते, म्हणजे पाण्याचे रेणू त्याच्या साखळ्या तोडतात, आणि तो गुळासारखा चिकट होतो. मुंबई-कोकणच्या हवेत हे झाले तर नवल नाही. असा लेप धुऊन सुधारत नाही. तो आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून संपूर्ण काढणे आणि खालचे कठीण प्लॅस्टिक तसेच वापरणे हाच उपाय आहे, मात्र बटणावरची चिन्हे लेपातच छापलेली असतील तर तीही त्याबरोबर जातात. हाती लागेल तो थिनर किंवा ॲसिटोन वापरण्याचा मोह मात्र आवरावा: ॲसिटोनमध्ये एबीएस विरघळते. हाच अवगुण दुरुस्तीत गुण ठरतो, कारण एबीएसचे तुकडे ॲसिटोनमध्ये विरघळवून केलेल्या लगद्याने एबीएसची चीर एकजीव सांधता येते. पॉलिप्रॉपिलीनला मात्र साधा गोंद किंवा रंग धरत नाही. त्याला आधी खास प्रायमर तरी लागतो किंवा त्याच जातीच्या काडीने गरम वेल्डिंग तरी करावे लागते.

पिवळ्या पडलेल्या एबीएसवर हायड्रोजन पेरॉक्साइड लावून ते उन्हात ठेवण्याची युक्ती २००८ च्या सुमारास जुन्या संगणकांच्या शौकिनांनी रूढ केली. ती काम करते, पण लेप असमान बसला तर चट्टे उठतात, हातमोजे नसतील तर कातडी भाजते आणि काही काळाने पिवळेपणा परतही येतो. मारुतीच्या करड्या पॅनेलसाठी एवढा खटाटोप क्वचितच करण्याजोगा असतो.

राहता राहिले पॉलिश. सिलिकोन तेलाचे स्वस्त पॉलिश, किंवा त्याच्या जागी वापरले जाणारे खोबरेल आणि डिझेल, ही सर्व पृष्ठभागावर ओला थर सोडून रंग गडद दाखवतात. त्या थरावर धूळ बसते, उन्हात पुढच्या काचेवर डॅशबोर्डचे प्रतिबिंब पडून समोरचा रस्ता धूसर होतो, आणि पुढे कधी तो भाग रंगवायचा ठरवला तर सिलिकोनच्या अंशामुळे रंगात खळगे पडतात. डॅशबोर्ड कारखान्यातून निघतो तो मुळात बिनचकाकीचाच, आणि तो तसा ठेवण्यामागे हेच प्रतिबिंबाचे कारण असते. जंबुपार किरण अडवणारे, पाण्यात मिसळलेले बिनचकाकीचे द्रव्य पातळ लावून फडक्याने टिपून घेणे पुरेसे आहे. गाडी सावलीत उभी करणे किंवा काचेमागे ऊनपडदा लावणे त्याहून उपयोगी आहे.

हाताबाहेर गेलेला भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरच्या जुन्या सुट्या भागांच्या दुकानांतून घ्यायचा झाला, तर रंगाची तुलना उन्हात फिकट झालेल्या दर्शनी बाजूशी न करता आतल्या न दिसणाऱ्या कडेशी करावी. पॅनेल काढताना धातूच्या स्क्रू ड्रायव्हरऐवजी प्लॅस्टिकची पट्टी वापरावी, आधी लपवलेले स्क्रू शोधावेत आणि जुन्या क्लिपा ठिसूळ झालेल्या असतातच हे धरून नव्या आधीच आणून ठेवाव्यात. ज्या गाडीत एअरबॅग आहे, तिच्या झाकणाला रंग, गोंद किंवा उष्णता यांपैकी काहीही लावू नये आणि ते भाग सोडवण्याचे काम जाणकार मेकॅनिककडेच द्यावे.