इलेक्ट्रॉनांच्या गर्दीचा हिशेब

सुरुवात निकेल ऑक्साइडपासून करू. पाठ्यपुस्तकातला पट्ट सिद्धान्त साध्या हिशेबाने सांगतो, की या हिरव्या पदार्थातून वीज वाहायला हवी. प्रत्यक्षात ती वाहत नाही. द बूर आणि व्हेरवे यांनी १९३७ साली ही विसंगती दाखवली. पायर्ल्स आणि मॉट यांनी कारण सुचवलं: इलेक्ट्रॉन एकमेकांना इतके दूर ढकलतात, की प्रत्येक जण आपल्या अणूपाशीच अडकून पडतो.

याचं सर्वांत साधं गणिती रूप म्हणजे १९६३ सालचं हबर्ड प्रारूप. त्यात दोनच गोष्टी आहेत. इलेक्ट्रॉनची शेजारच्या अणूवर उडी, आणि एकाच अणूवर दोघे आले तर मोजावी लागणारी ऊर्जा. मग संगणकाला घाम का फुटतो?

कारण प्रत्येक जागेच्या चार अवस्था असतात: रिकामी, वर स्पिनचा एक, खाली स्पिनचा एक, किंवा दोन्ही. १६ जागांना ४२९ कोटी शक्यता. २० जागांना सुमारे १.१ लाख कोटी. म्हणून प्रत्येक पद्धत काहीतरी सोडते.

मोंटे कार्लो पद्धत शितावरून भाताची परीक्षा करते. पण इथे काही शितांना उणे चिन्ह असतं. अधिक-उणे एकमेकांना खाऊन टाकतात आणि उरतो गोंगाट. स्टीव्हन व्हाइट यांची १९९२ची पद्धत महत्त्वाच्या अवस्था तेवढ्या राखते. अणूंच्या एका रांगेसाठी ती उत्तम, रुंद जाळ्यासाठी फार महाग. गतिज माध्य-क्षेत्र सिद्धान्त एक अणू नेमका सोडवतो आणि बाकी सगळ्यांना त्याचा परिसर मानतो. त्यात दूरच्या अणूंमधली सांगड निसटते.

मग विश्वास कोणावर ठेवायचा? २०१७ साली वेगवेगळ्या पद्धतींच्या गटांनी द्विमितीय हबर्ड प्रारूपाचा एकच अवघड प्रश्न सोडवला: आठातला एक इलेक्ट्रॉन काढला तर काय होतं? स्पर्धेतल्या अवस्थांच्या ऊर्जेत फरक अगदी किरकोळ होता. तरी सगळ्यांचं उत्तर जुळलं: इलेक्ट्रॉन पट्ट्यापट्ट्यांत मांडले जातात. प्रत्येक पद्धतीची दुबळी बाजू वेगळी, म्हणून या एकमताला माझ्या लेखी वजन आहे.

ताम्र-ऑक्साइडांची अतिवाहकता १९८६ पासून आपल्याला कोड्यात टाकते आहे, आणि तिचा माग याच प्रारूपातून काढला जातो. म्हणून विद्यार्थ्यांना माझं एकच सांगणं: सुबक आलेख समोर आला, की आधी विचारा, जागा किती घेतल्या? सोडलं काय? आणि दुसऱ्या पद्धतीने ताडून पाहिलं का?