कामाचा दाम

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



"नोकरी करणाऱ्या स्त्रीचे अनुभव" या विषयावर चार शब्द बोला, असे चिटणीसबाईंनी सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. भाषण करण्याची मला सवय नाही. कुडाळच्या एका खासगी कचेरीत मी अकरा वर्षे हिशेबाचे काम करते. सकाळची एस. टी. पकडायची आणि दिवेलागणीला मालवणात परत यायचे, एवढेच माझे जग. पण या अकरा वर्षांत एक गोष्ट मी फार उशिरा शिकले. ती सांगितली तर कोणाच्या तरी लेकीसुनेच्या उपयोगी पडेल, म्हणून आज उभी आहे. ती गोष्ट म्हणजे पगारवाढ मागणे.

आमच्याकडे दर वर्षी मार्च महिन्यात साहेब एकेकाला आत बोलावून वर्षभराच्या कामाचा आढावा घेतात. पहिली सात वर्षे मी आत जाई, "ठीक चालले आहे ना?" असे ते विचारीत, मी "हो" म्हणे, आणि ते देतील ती दोनतीनशेची वाढ घेऊन बाहेर येई. आठव्या वर्षी थोरलीची कॉलेजची फी आणि सासूबाईंच्या डोळ्यांचे ऑपरेशन एकदमच आले. धीर करून म्हटले, "साहेब, घरात फार ओढाताण होते. काही बघता आले तर बघा." साहेब माणूस वाईट नव्हे. हसून म्हणाले, "बाई, तुमचे यजमान मिळवते आहेत. तुम्हांला काय कमी आहे?" मी मान खाली घालून बाहेर आले.

त्याच जून महिन्यात एक तरुण आमच्याकडे लागला. चांगला मुलगा, काम त्याला मीच शिकविले. महिनाअखेरीस पगारपत्रक करताना त्याच्या नावापुढे मला आकडा लिहावा लागला, साडेसतरा हजार. त्याच्या वरच्या ओळीत माझा आकडा होता, चौदा हजार. भगिनींनो, ते पत्रक मी स्वतःच्या हाताने पुरे केले आणि सहीसाठी आत नेऊन ठेवले. त्या रात्री मला झोप आली नाही. राग त्या मुलाचा नव्हता. आठ वर्षांत मी आकडा म्हणून कधी तोंडातून काढलाच नाही, याचा होता.

दुसऱ्या दिवशी रविवार. बाजारात बांगडे घ्यायला गेले. नेहमीच्या बाईशी घासाघीस चालली होती. ती वाटा पुढे सरकवून भाव सांगत होती. मासा ताजा आहे, कल्ले उघडून बघा, म्हणत होती. "माझे छप्पर गळते, म्हणून चार पैसे जास्त द्या," असे ती चुकूनही म्हणाली नाही. माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ती मालाचा भाव सांगत होती, आणि मी आठ वर्षांनी तोंड उघडले ते घरची अडचण सांगायला. गरज हा पगाराचा पाया केला, की नवऱ्याची मिळकत दाखवून तो पाया कोणीही काढून घेऊ शकतो.

याच सुमारास आमच्या नात्यातल्या एका वकील मुलीने मला मुंबईचा एक खटला समजावून सांगितला. तो प्रत्येकीला ठाऊक असावा. मॅकिनन मॅकेन्झी या जहाजधंद्यातल्या कंपनीत ऑड्री डिकोस्टा नावाच्या बाई स्टेनोग्राफर होत्या. तेच काम करणाऱ्या पुरुष स्टेनोग्राफरांना त्यांच्याहून जास्त वेतन होते. समान वेतनाचा कायदा १९७६ साली आला. १९७७ च्या जूनमध्ये बाईंची नोकरी संपविण्यात आली, तेव्हा त्यांनी वेतनातला फरक मागितला. रक्कम किती? सात हजार एकशे शहाण्णव रुपये सदुसष्ट पैसे. कंपनीने सांगितले, आम्ही कामगार संघटनेशी करार केला आहे. शिवाय इतका बोजा आम्हांला पेलणार नाही. प्रकरण मजूर अधिकाऱ्यांपासून उच्च न्यायालयापर्यंत आणि तेथून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. २६ मार्च १९८७ रोजी निकाल लागला तो बाईंच्या बाजूने. काम सारखे असेल तर करार दाखवून बाईला कमी देता येणार नाही, आणि ऐपत नाही ही सबबही चालणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. समान कामाला समान वेतन हे तत्त्व आपल्या संविधानाच्या अनुच्छेद ३९ मध्ये १९५० पासून लिहिलेले आहे, आणि संसदेने २०१९ साली मंजूर केलेल्या वेतन संहितेतही वेतनात स्त्री-पुरुष भेद करण्यास मनाई आहे.

मला कोर्टात जायचे नव्हते. पण त्या बाईंच्या सदुसष्ट पैशांनी मला फार धीर दिला. आपला आकडा पैशापर्यंत मोजून मांडण्यात लाज कसली?

मी एक वही घातली. दर शनिवारी त्या आठवड्यात काय केले ते चार ओळींत लिही. वसूल न झालेली किती बिले पाठपुरावा करून मिळविली, हिशेबातली कोणती चूक वेळीच धरली, कोणाला काय शिकविले, रजेवरच्या कोणाचे काम ओढले, सारे तारखेनिशी. मार्चमध्ये आत गेले ती वही घेऊन. घरचा एक शब्द काढला नाही. वर्षाचे काम वाचून दाखविले आणि म्हटले, "साहेब, या कामाचा पगार अठरा हजार असावा, असे मला वाटते." इतके बोलून गप्प बसले. भगिनींनो, ते गप्प बसणे सर्वांत कठीण. "नाही जमले तरी चालेल" हे शब्द अगदी ओठांवर आले होते, ते गिळले.

साहेबांनी वही चाळली. अठरा काही मिळाले नाहीत. साडेसोळा मिळाले, आणि उरलेल्याचा विचार सहा महिन्यांनी करू म्हणाले. ते मी तारीख घालून कागदावर मागितले. सहा महिन्यांनी आणखी एक हजार मिळाले. पाचशे अजून बाकी आहेत. वही चालू आहे.

इथे भाषण संपवले असते तर सोयीचे झाले असते. पण पुढचे सांगितले नाही तर ते अर्धे राहील.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे भांडी-केर करणारी बाई दारात उभी राहून म्हणाली, "वैनी, माका पगार वाढवन होयो. दोन वर्सां झाली." आणि माझ्या तोंडून काय निघणार होते? "अगं, तुझा मुलगा आता कामाला लागला ना? तुला काय कमी आहे?" शब्द जिभेवर आला आणि मी थबकले. साहेबांची खुर्ची माझ्या स्वयंपाकघरातच होती, आणि तिच्यावर मी बसले होते!

तिला आत बोलावले, चहा दिला, आणि दोघींनी मिळून कामे मोजली. दोन वर्षांत सासूबाईंचे कपडे आणि मागचे अंगण तिच्याकडे कधी आले, हे मला आठवेना. तिला बरोबर आठवत होते. तिने पाचशे मागितले. ते दिले, आणि चतुर्थीची पाच दिवसांची रजा पगारी केली. पुण्यात १९८० साली मोलकरणींना पगारवाढीसाठी संप करावा लागला होता. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याणासाठी २००८ चा कायदा आहे. पण तिचा पगार ठरतो तो आपल्या उंबऱ्यावरच.

म्हणून माझी मंडळाला एकच सूचना आहे. आपण नोकरी करणाऱ्या असू तर एक वही ठेवावी आणि वर्षातून एकदा आपला आकडा स्वतःच्या तोंडाने सांगावा. आणि ज्यांच्या घरी कोणी कामाला येते, त्यांनी याच वर्धापनदिनाच्या महिन्यात, तिने मागण्याआधी, तिच्याबरोबर बसून कामे मोजावीत. पुढल्या वर्षी याच सभेत कोणी काय केले ते एकमेकींना सांगू या.