शॉकअप कंपनीचेच आहेत!



वाहनांची देखभाल या विषयावर मला दहा मिनिटं दिली आहेत. ऑइल कधी बदलायचं, हवा किती ठेवायची, बॅटरीत पाणी कधी घालायचं, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यात मी वेळ घालवत नाही. मला एकच गोष्ट बोलायची आहे, आणि ती आपल्या जिल्ह्यातल्या अठरा ते पंचवीस वयाच्या पोरांशी बोलायची आहे. आईवडील शेजारी बसून ऐकत असतील तर फारच उत्तम.

जुनी स्विफ्ट किंवा जुनी होंडा सिटी घरात येते. पहिल्या महिन्यात टेप बदलतो, दुसऱ्या महिन्यात सीटकव्हर, आणि तिसऱ्या महिन्यात गाडी 'लो' होते. मडगार्ड आणि टायर यांच्यात बोट जाऊ नये इतकी खाली. तयार लोअरिंग स्प्रिंगा महाग पडतात. मग आहे तीच स्प्रिंग उतरवायची, ग्राइंडर लावायचा, एक-दीड वेढा उडवायचा आणि परत चढवायची. संध्याकाळी दत्त चौकातून फेरी. मी विचारतो, 'अरे, हे काय केलंस?' तर उत्तर ठरलेलं असतं: 'सर, काही नाही, फक्त स्प्रिंग कापली. शॉकअप कंपनीचेच आहेत, त्याले हात नाही लावला.'

पोराला वाटतं, हे सांगितलं की सरांचं समाधान होईल. माझी काळजी तर तिथंच सुरू होते. शॉकअप कंपनीचेच ठेवलेत, हाच घोटाळा आहे. हे मी पुन्हा सांगणार आहे, कारण एकदा ऐकून ते डोक्यात बसत नाही.

आपल्याकडे शेतात कापूस वेचायला जाणारी माउली धुऱ्यावरच्या लिंबाला लुगड्याची झोळी बांधते आणि त्यात लेकरू निजवते. झोळीला झोका आहे, आणि त्या झोक्यावर तिचा हात आहे. झोळी फार पुढं गेली की हात तिला धरतो, मागं येताना सैल सोडतो, दोन झोक्यांत झोळी शांत होते. तो हात त्या दोराच्या लांबीला आणि त्या लेकराच्या वजनाला सरावलेला असतो. आता कुणी येऊन दोर आखूड करून दिला, तर झोका लगेच जलद होतो, तोडका होतो. हात मात्र जुन्याच लयीत पुढं येतो, आणि तो पोचेपर्यंत झोळी परत फिरलेली असते. हाताचा यात काही दोष नाही. तुम्ही त्याला न विचारता दोर बदललात.

तुमच्या गाडीत स्प्रिंग म्हणजे तो दोर, आणि शॉकअप म्हणजे तो हात. गाडीचं वजन स्प्रिंग पेलते, शॉकअप पेलत नाही. शॉकअपचं काम स्प्रिंगचं नाचणं थांबवणं. आत तेल असतं, दट्ट्या असतो, दट्ट्याला बारीक भोकं आणि झडपा असतात. चाक वर आलं की तेल एका बाजूनं दुसरीकडं ढकललं जातं. चाक खाली सुटताना ते जास्त अडवलं जातं, कारण दाबलेली स्प्रिंग उसळून सुटते तेव्हाच गाडी उडते. त्या झडपा किती घट्ट ठेवायच्या, हे कंपनी त्या गाडीचं वजन आणि त्या स्प्रिंगचा ताठरपणा बघूनच ठरवते.

आता हिशेब करा. स्प्रिंगचे कामाचे वेढे सहा धरा. एक कापला, पाच उरले. वेढे कमी झाले की स्प्रिंग त्याच प्रमाणात ताठर होते. म्हणजे इथं वीस टक्क्यांनी. दीड कापला तर तेहतीस टक्क्यांच्या आसपास. इतक्या ताठर स्प्रिंगला आवरायला झडपाही जास्त घट्ट हव्या होत्या. त्या जुन्याच राहिल्या. पोरं म्हणतात, गाडी आता कडक झाली, रेसिंगची झाली. कडक झाली हे खरं, पण आवरणारा हात कमी पडायला लागला. खड्ड्यानंतर ती एकदा बसायची, आता दोन-तीनदा थरथरते, आणि तेवढा वेळ टायरची रस्त्यावरची पकड कमी-जास्त होत राहते. वळणावर नेमकं हेच व्हायला नको असतं.

शर्यतीचं म्हणाल तर चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला किंवा कोइंबतूरच्या कारी ट्रॅकवर धावणाऱ्या गाड्या खाली असतात, कबूल. पण तिथं स्प्रिंग बदलली की शॉकअप बदलतात, झडपा बदलतात, लांबीही बदलतात. तिथला मेकॅनिक या दोघांना कधी वेगळं करत नाही. आणि ते ट्रॅक गुळगुळीत डांबराचे आहेत, आर्णी-दिग्रसचा रस्ता नाही.

आता दुसरी गोष्ट, शॉकअपच्या आतली जागा. साध्या हॅचबॅक गाडीत पुढच्या शॉकअपला दबायला साधारण सात-आठ सेंटीमीटर वाव असतो. त्यातले चार तुम्ही गाडी उभी असतानाच खाऊन टाकले. उरले तीन-चार. पाच माणसं बसली, लग्नाचा आहेर डिकीत गेला, उरलं काहीच नाही. मग दट्ट्याच्या दांड्यावर जो रबरी बंप स्टॉप असतो, तो अडीअडचणीसाठी दिलेला आहे. तुमची गाडी प्रत्येक खड्ड्याला त्याच्यावरच आदळते. अशा गाडीचं डस्ट कव्हर वर सरकवून बघा. बंप स्टॉपचा चुरा झालेला दिसेल. दांड्याची चकाकी गेलेली, त्यावर उभे ओरखडे. सील फाटलेलं, तेल बाहेर येऊन नळीवर काळ्या मातीचा जाड थर बसलेला. बोटानं खरवडलं तर नखात तेल येतं. आणि पोरगा सांगतो, 'सर, शॉकअप कंपनीचेच आहेत.' कंपनीचे आहेत रे बाबा, पण कंपनीनं ते कशासाठी दिले होते?

हे खूळ फक्त पोरांचं नाही, आपल्या गॅरेजवाल्यांचंही आहे, आणि त्याचं कारण मला कळतं. आपल्याकडचे जुने हात पाट्यांच्या गाड्यांवर तयार झाले. जीप, ट्रॅक्स, काळीपिवळी. पाट्यांच्या गाडीत पाटे एकमेकांवर घासतात, आणि त्या घासण्यातच बरीच उसळी मरते. म्हणून शॉकअप गेलेली जीप वर्षानुवर्षं वणी-मारेगाव करत राहिली आणि कुणाचं काही अडलं नाही. जास्त माणसं भरायची म्हणून काळीपिवळीवाल्यानं पाटा वाढवला, तेव्हाही शॉकअपला कुणी विचारलं नाही. त्यातून सवय पडली: शॉकअप म्हणजे असला तर बरा. पण कारची गोल स्प्रिंग तशी घासत नाही. तिची उसळी तिच्या अंगात मरतच नाही म्हटलं तरी चालेल. सगळी जबाबदारी त्या एका नळीवर. १९८३ च्या डिसेंबरात पहिली मारुती आठशे आली आणि पुढच्या चाकांचा मॅकफर्सन स्ट्रट तिनं आपल्या घराघरांत आणला. त्यात तर शॉकअपच चाकाला उभं धरतो. तो हलला की चाकाचा कोन हलला.

कोनाचंच सांगतो. गाडी खाली आली की चाकांची वरची बाजू आत झुकते, टो बदलतो. पोरं म्हणतात, दिसायला भारी दिसतं. सहा महिन्यांनी टायर उतरवा. बाहेरून नक्षी नव्यासारखी, आणि आतली कड घासून तारा दिसायला लागलेल्या. बाहेरून बघणाऱ्याला काही कळत नाही; उन्हाळ्यात नागपूर रोडला ऐंशी-नव्वदच्या वेगात टायर फुटला म्हणजे कळतं. अलाइनमेंट करून घेऊ म्हणता? करा. टो जुळेल, पण बऱ्याच गाड्यांमध्ये वरचा झुकाव जुळवायची सोयच दिलेली नसते.

आता आपल्या रस्त्याचं. इंडियन रोड्स काँग्रेसचा गतिरोधकाचा एक नमुना आहे: उंची दहा सेंटीमीटर आणि रुंदी ३.७ मीटर. रुंदी लक्षात ठेवा. आपल्या लहान कारच्या पुढच्या-मागच्या चाकांत अंतर सुमारे अडीच मीटर. म्हणजे नमुन्याच्या गतिरोधकावर दोन्ही चाकं एकाच वेळी चढलेली असतात, आणि पोटाखाली साडेचार सेंटीमीटर जागा असली तरी गाडी निघून जाते. पण आपल्या गावात शाळेपुढं, देवळापुढं जो बांधलेला असतो तो हात-दीड हात रुंदीचा, मुरूम-सिमेंटचा, आणि उंचीचं माप कुणी घेतलेलं नाही. तो अख्खा गाडीच्या पोटाखाली येतो. कंपनी सोळा-सतरा सेंटीमीटर देते, तेही रिकाम्या गाडीचं माप. चार तुम्ही कापले, माणसांच्या वजनानं तीन-चार घेतले. उरले आठ ते दहा, आणि समोर बारा-पंधराचा गतिरोधक. चेंबर फुटतं, ऑइल सांडतं, दिवा लागला तरी लक्ष जात नाही कारण गाणी जोरात असतात, आणि इंजिन जाम. स्प्रिंग कापायला दिलेले पैसे आणि इंजिन बांधायचे पैसे, हा हिशेब तुमच्या बापाला विचारा.

शिवाय आपली काळी माती. उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते, तिच्यावरचा डांबरी रस्ता दरवर्षी थोडा वर-खाली होतो. बाभूळगाव म्हणा, राळेगाव म्हणा, लाटा दिसतात रस्त्यावर. या लाटांवरच शॉकअपची खरी परीक्षा असते. परदेशातून इथं आणलेल्या कितीतरी गाड्या कंपन्यांनी आपल्या रस्त्यांसाठी मुद्दाम उंच केल्या. त्यांनी अभ्यास करून वर उचललेली गाडी आपण ग्राइंडरनं खाली बसवतो.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं ठरवून दिलेल्या आणि नोंदणीत असलेल्या तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण पोरांनो, मी तुम्हाला आरटीओची भीती घालायला आलो नाही. दंड भरता येतो.

मला भीती त्या सुटलेल्या स्प्रिंगची वाटते. हे नीट ऐका. गाडीचं चाक खोल खड्ड्यात लोंबकळतं तेव्हा शॉकअप पूर्ण लांब होतो. मूळ स्प्रिंग तेवढ्या लांबीतही दोन्ही बशांमध्ये दाबून बसलेली राहील, इतकी लांब बनवलेली असते. तुम्ही स्प्रिंग आखूड केली, शॉकअप मात्र कंपनीचाच, म्हणजे लांबच राहिला. मग मध्ये फट पडते. स्प्रिंग बशीतून उठते, फिरते, आणि चाक परत वर येताना जागेवर बसेलच असं नाही. कापलेलं टोक तसंही टोकदार, बशीच्या खोबणीत ते बसतच नाही. स्टिअरिंग फिरवताना 'कट् कट्' आवाज येतो ना, तो तोच. त्या स्प्रिंगच्या बशीपासून टायर किती लांब असतो? वाकून बघा, दोन-तीन बोटं.

आणि गॅसकटरनं कापली असेल तर त्या टोकाचं पाणी उतरलेलं असतं. तापवलेलं स्प्रिंगचं पोलाद पुढं दबत जातं किंवा तिथूनच तुटतं.

पुन्हा सांगतो, कारण ऐकताना हे निसटतं: स्प्रिंग आणि शॉकअप ही जोडी आहे. कंपनीचाच हात ठेवायचा असेल तर कंपनीचाच दोर ठेवा. दोर बदलायचाच असेल तर त्या दोराला सरावलेला हात आणा, म्हणजे त्या गाडीसाठी जोडीनं तयार केलेला संच, परवानगी काढून, विमा कंपनीला कळवून. तो खर्च झेपत नसेल तर गाडी आहे तशी चालवा. चांगली दिसते ती.

ज्यांनी आधीच कापली आहे त्यांच्यासाठी. रागावलो तरी तुम्ही आपलेच आहात. नव्या स्प्रिंगा जोडीनं टाका, एका बाजूला कधीच नाही. शॉकअप ओला दिसला, दांड्यावर ओरखडे दिसले, तर तोही दोन्ही बाजूंचा. बंप स्टॉप आणि वरचं माउंट नवीन. मग अलाइनमेंट, मग हेडलाइट भिंतीवर टाकून बघा, कारण गाडीचं नाक वर-खाली झालं की समोरच्याचे डोळे दिपतात. काही गाड्यांत मागच्या अ‍ॅक्सलला ब्रेकचा एक व्हॉल्व्ह जोडलेला असतो, तो मागची उंची बघून मागच्या चाकांना जोर किती द्यायचा ते ठरवतो. मागून गाडी खाली बसवली की त्याला वाटतं भार वाढला, आणि ओल्या रस्त्यावर मागची चाकं... वेळ संपत आली, खुणावताहेत मला.

एवढं एक बोलतो. स्प्रिंग बदलताना घरी पाना घेऊन बसू नका. शॉकअपचा वरचा नट स्प्रिंग कॉम्प्रेसर लावल्याशिवाय खोलायचा नाही, आणि खोलताना तोंड वरून वाकवायचं नाही. दाबलेली स्प्रिंग सुटली तर डोळा जातो, जीवही जातो. कॉम्प्रेसर नसलेल्या गॅरेजात हे काम देऊ नका, शंभर-दोनशे जास्त लागले तरी चालतील.