‘स्ट्राइक’ शब्दाची गोष्ट



इंग्रजीत ‘स्ट्राइक’ हा मोठा कष्टाळू शब्द आहे. घड्याळाने टोले दिले की स्ट्राइक, काडी ओढली की स्ट्राइक. वीज कोसळली, जमिनीत तेल लागले, तरी स्ट्राइकच. या सर्वांच्या मुळाशी आघात आहे. म्हणून कामगारांचा स्ट्राइक म्हणजेही मालकावर घातलेला घाव, अशी पुष्कळांची समजूत होते.

इतिहास निराळे सांगतो. जहाजाचे शीड उतरविणे यालाही इंग्रजीत हाच शब्द आहे. १७६८ साली लंडनच्या बंदरात खलाशांनी मजुरीवाढीसाठी शिडे उतरविली आणि जहाजे जागच्या जागी राहिली. कामबंदीला हे नाव पडले ते तेथून. म्हणजे हा उगारलेला हात नव्हे, कामावरून काढून घेतलेला हात होय.

हाच शब्द मालकाच्याही उपयोगी पडतो. हजेरीपटावरून नाव खोडणे म्हणजे ‘स्ट्राइक ऑफ’. आम्ही कामावरून काढले नाही, नाव तेवढे खोडले, असा युक्तिवाद होत असे. अशी नावखोड ही कायद्याच्या अर्थाने कामगारकपातच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये ठरविले.

तेव्हा शब्दाचा अर्थ कोण ठरवितो, हा पोटाचा प्रश्न आहे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने एकजुटीने काम थांबविण्याला संप म्हटले. २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेने त्यात भर घातली : एखाद्या दिवशी निम्म्या किंवा त्याहून अधिक कामगारांनी मिळून किरकोळ रजा घेतली, तरी तो संपच. शिवाय चौदा दिवसांच्या नोटिशीची अट पूर्वी लोकोपयोगी सेवांपुरती होती. या संहितेने ती सर्व औद्योगिक आस्थापनांना लावली. एका व्याख्येने रजेचा अर्ज संपाच्या खात्यात गेला!

आपला शब्द ‘संप’. गुजरातीत त्याचा अर्थ आजही एकोपा असाच आहे. इंग्रजी शब्दात थांबलेले काम दिसते. आपल्या शब्दात ते थांबविणारी माणसे दिसतात.

आणि इंग्रजीत सौदा पटला, की तोही ‘स्ट्राइक’च करतात! शीड उतरवायचे ते पुन्हा चढविण्यासाठीच. मात्र कराराचा कागद पुढे आला, की सही करण्यापूर्वी त्यातील प्रत्येक शब्दाचा अर्थ विचारून घ्या. तो विचारणे हेही संघटनेचेच काम आहे.