यंत्राचा हजेरीपट

एकाच संगणकावर अनेक माणसें दूरदूरच्या ठिकाणांहून एकाच वेळीं काम करूं शकतात. असें यंत्र बंद करण्यापूर्वीं आंत कोण आहे हें व्यवस्थापकास पाहावेंच लागतें. नाहीं तर कोणाचें तरी अर्धें झालेलें काम बुडावयाचें. त्यासाठीं युनिक्स प्रणालींत ‘हू’, म्हणजे ‘कोण’, ही आज्ञा आहे. कळफलकावर रोमन लिपींतील तीन अक्षरें उमटवावींत, कीं प्रत्येकाचें नांव, जोडणी व प्रवेशाची वेळ समोर येते. १९७१ च्या पहिल्या मार्गदर्शिकेंतही ती आढळते. ‘डब्ल्यू’ ही आज्ञा कोण काय करीत आहे व किती वेळ स्वस्थ आहे हेंही दाखविते. येऊन गेलेल्यांची हकीकत ‘लास्ट’ सांगते.

परंतु ‘हू’ स्वतः कोणासही पाहत नाहीं. परंपरेनें ती ‘यूटीएमपी’ नांवाची नोंदवही तेवढी वाचते. जोडणी अकस्मात् तुटल्यास गेलेल्याचें नांव तींत क्वचित् राहून जातें. उलट चोरवाटेनें शिरलेला आपलें नांव तेथें कशाला ठेवील? म्हणून संशय येतांच ‘पीएस’ या आज्ञेनें चालू कामांची यादी काढावी व ती नोंदवहीशीं ताडून पाहावी. यादींत एखादें काम दिसावें आणि त्याच्या धन्याचें नांव वहींत नसावें, तर चौकशीस तेथूनच आरंभ करावा.