ब्रह्मपुरीच्या टेकाडावर आमची मुले
(सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेले भाषण)



न्यासाच्या सहल-निधीतून इंदूरची मुले थेट कोल्हापूरला कशासाठी नेली, असा प्रश्न निघाला आहे. एका पालकांनी मला विचारले, "मास्तरसाहेब, परक्यांच्या मूर्ती पाहायला एवढ्या लांब?" पैसा आपणां सर्वांच्या वर्गणीचा आहे, तेव्हा प्रश्न रास्तच आहे.

कोल्हापुरात पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाचे टेकाड आहे. १९४५-४६ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजतर्फे डॉ. सांकलिया व डॉ. दीक्षित यांनी तेथे उत्खनन केले. खाली सातवाहनांच्या काळची वस्ती, वर बहामनी काळची आणि आज भोवती नांदते शहर. याच टेकाडात काशाच्या वस्तूंचा साठा मिळाला होता. त्यात पॉसायडन या ग्रीक समुद्रदेवाची मूर्ती होती. रोमन लोक त्याला नेपच्यून म्हणत. ती आता टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात आहे.

मूर्ती वीतभरही नाही. मुले पुढे सरकेनात. "समुद्राचा देव घाटावर कसा?" एकाने विचारले. घाटापलीकडे कोकणची बंदरे आहेत, एवढेच मी सांगितले. बाकीचा रस्ता त्यांनी नकाशावर शोधला. मग वाद जुंपला. ती पूजेसाठी आणली की शोभेसाठी? "पण घेणाऱ्याला हा कोणाचा देव, हे ठाऊक होते का?" असे एक मुलगा म्हणाला. सारे गप्प झाले. मीही. असा प्रश्न वर्गाच्या चार भिंतींत मला वीस वर्षांत ऐकावयास मिळाला नव्हता.

मग मी त्यांना आपल्या मुलखाकडे आणले. सुमारे १,९०० वर्षांपूर्वी एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या 'पेरिप्लस'मध्ये उज्जैनचे नाव 'ओझीनी' असे येते. तेथून अकीकासारखे खडे व मलमल भडोचला उतरे. भडोचच्या बंदरात इटलीची दारू, तांबे, पोवळे आणि सोन्याचांदीची नाणी येत. अकीक म्हणताच एका मुलाला आजोबांच्या अंगठीतला खडा आठवला. रोम त्या क्षणी त्याच्या घरात आले. (दारूचा उल्लेख घरी करू नका, असे काहींनी एकमेकांना बजावल्याचे माझ्या कानी आले!)

एक गोष्ट मात्र मनाला लागली. मुक्कामाची सहल म्हणून अखेरच्या आठवड्यात काही मुलींची नावे परत घेण्यात आली. त्यांत वर्गातील इतिहासाची सर्वांत हुशार विद्यार्थिनी होती. आईबापांची काळजी मी समजतो. मलाही मुली आहेत. पण ती मूर्ती तिने मुलांच्या तोंडून ऐकली, पाहिली नाही.

उज्जैन येथून सुमारे ५५ किलोमीटर आहे. शिप्रेकाठी गढकालिकेजवळ जुन्या उज्जयिनीचे टेकाड आहे. सकाळी निघून दिवे लागण्यापूर्वी परत येता येते. या हिवाळ्यात ती सहल न्यासाने मंजूर करावी आणि बरोबर दोन शिक्षिका द्याव्यात, असा अर्ज मी चिटणीसांकडे दिला आहे. त्यासोबतच्या यादीत पहिली नावे त्या मुलींची आहेत.